स्पोर्ट्स कारची मागची बाजू खाली घेताना: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

मागचं चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट एकदा डोळ्यांत खुपायला लागली की खुपतच राहते. पुढची बाजू छान बसलेली आणि मागची उचलल्यासारखी, हे मलाही बघवत नाही. शिवाय गाडी खाली आली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणात ती कमी कलते. पण पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं काम तिच्याभोवती फिरतं.

गाडी खाली घेताना तुम्ही शॉकअपची दबण्याची जागा खर्च करत असता. खड्ड्यावर किंवा वळणात चाक वर येतं तेव्हा त्याला लागणारी ही जागा मोजकीच असते, आणि तिच्यातला काही भाग तुम्ही गाडी उभी असतानाच वापरून टाकता. उरलेली जागा संपली की शॉकअपचं नळकांडं दांड्यावरच्या बम्प स्टॉपवर, रबर किंवा फोमच्या त्या छोट्या ठोकळ्यावर, टेकतं. तिथून पुढे स्प्रिंग एकदम कैकपट कडक झाल्यासारखी वागते. पुढच्या चाकाचं असं झालं तर गाडी वळायला कुरकुरते, आणि चालवणारा आपोआप वेग कमी करतो. मागच्या चाकाचं भर वळणात झालं तर त्या टायरवरचा भार क्षणात वाढतो, पकड सुटते आणि शेपूट बाहेर पडते. तेव्हा सावरायला वेळ मिळेलच असं नाही. म्हणून माझा आग्रह आहे की पहिल्या खेपेला १५ मिलिमीटर, फार तर २०. त्याहून खाली जायचं असेल तर त्या उंचीसाठीच बनवलेले आखूड शॉकअप आणि कडक स्प्रिंगा लागतात. ते वेगळं काम आहे.

मागे आहे काय, ते आधी बघा

चाक काढा, टॉर्च घ्या आणि नीट बघा. स्प्रिंग शॉकअपभोवतीच गुंडाळलेली असेल आणि शॉकअपच्या अंगावर आटे पाडलेले असतील, तर तुमच्याकडे उंची बदलता येणारा कॉइलओव्हर आहे. हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे. काही गाड्यांत शॉकअप एकीकडे आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर, चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्यावर, दुसरीकडे असते. तिथे स्प्रिंगच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला आट्यांची बैठक बसवलेली असेल तर हिशेब तोच लागू पडतो.

आटे कुठेच नसतील, तर उंची बदलायला स्प्रिंगच बदलावी लागते. शॉकअपवर चढवलेली कंपनीची स्प्रिंग बाहेर काढताना ती दाबून धरावी लागते आणि दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव घेऊ शकते. पहिल्यांदा करणाऱ्याने ते काम वर्कशॉपकडेच द्यावं. स्प्रिंगचे वेढे कापून गाडी खाली घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कापलेल्या टोकाला बैठकीत बसायला नीट घाट उरत नाही, चाक लटकलं की स्प्रिंग जागेवरून सरकते. गॅसच्या ज्योतीने तापवून बसवणं तर त्याहून वाईट, कारण पोलादाला दिलेलं पाणीच उतरतं.

जुन्या गाड्यांची तऱ्हा वेगळी. शेव्हरले कॉर्व्हेटला १९६३ पासून २०१९ पर्यंत मागे आडवा पाटा, लवचिक पट्टीची स्प्रिंग, होता. पाट्याची टोकं लांब बोल्टांनी चाकाकडच्या भागाला जोडलेली असतात, त्यामुळे तिथे बोल्ट लांब घेतला की गाडी खाली येते. पोर्शे ९११ मध्ये १९८० च्या दशकाच्या शेवटापर्यंत मागे टॉर्शन बार होते, पिळल्या जाणाऱ्या पोलादी कांबी. त्या कांबीच्या आतल्या टोकाला ४० दाते आणि बाहेरच्या टोकाला ४४. आतून एक दाता एका बाजूला, बाहेरून एक दाता उलट्या बाजूला फिरवला की ९ अंशांतून ८.१८ अंश वजा होऊन जेमतेम ०.८२ अंशाचा फरक पडतो. दोन मोठ्या पावलांतून एक बारीक पाऊल काढण्याची ही युक्ती मला फार आवडते. पण ते काम जिकिरीचं आहे, आपण कॉइलओव्हरकडे वळू.

कॉइलओव्हरमध्येही दोन प्रकार असतात आणि इथे नवखे लोक हमखास फसतात. पहिल्या प्रकारात उंची बदलते ती स्प्रिंगखालच्या रिंगने. दुसऱ्या प्रकारात शॉकअपचं संपूर्ण नळकांडंच खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांवर बसवलेलं असतं. तिथे उंची ब्रॅकेटमधून बदलायची आणि स्प्रिंगच्या रिंगेला हात लावायचा नाही. हा दुसरा प्रकार चांगला, कारण त्यात शॉकअपची दबण्याची जागा जशीच्या तशी राहते. मात्र टायर वर जाताना मडगार्डला किंवा आतल्या पत्र्याला लागणार नाही ना, हे तपासण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. दुसऱ्या प्रकारात चुकून स्प्रिंगची रिंग खाली घेतलीत तर चाक लटकल्यावर स्प्रिंग सैल होऊन खडखडायला लागेल.

मोजणी

अर्धं काम इथेच आहे, आणि लोक याच कामात घाई करतात.

जमीन सपाट हवी. डोळ्याला सपाट दिसणारी फरशीसुद्धा एका कोपऱ्यात ५-७ मिलिमीटर उतरलेली असते, म्हणून लांब सरळ पट्टी आणि पाणसळ घेऊन चारही चाकांची जागा तपासा. टायरमधली हवा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणा. पेट्रोल अर्धी टाकी. डिक्कीतलं सामान जसं रोज असतं तसं. ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसवा किंवा त्याच्या वजनाच्या पिशव्या ठेवा. दोन सीटांच्या हलक्या गाडीत एका माणसाने होणारा फरक सहज दिसतो.

आता टेप घ्या. मडगार्डची कड जमिनीपासून किती उंच आहे हे मोजू नका. टायर झिजला, हवा कमी झाली की तो आकडा बदलतो. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. हा आकडा सस्पेन्शनचाच असतो, टायर त्यात लुडबुड करत नाही. मडगार्डवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेन्सिलीने खूण करा, म्हणजे दर वेळी टेप त्याच जागी टेकेल. चारही चाकांचे आकडे वहीत लिहा. नुसत्या मागच्या दोन चाकांचे नाही, चारही.

डाव्या-उजव्या बाजूत ३-४ मिलिमीटरचा फरक निघाला तर लगेच तो मिटवायला धावू नका. मडगार्डचे पत्रेच तंतोतंत सारखे बसलेले नसतात. आणि एकच कोपरा वरखाली केला की वजन तिरक्या रेषेत सरकतं. चार पायांच्या टेबलाचा एक पाय उंच करून बघा: तो पाय आणि त्याच्या समोरचा तिरका पाय भार घेतात, उरलेले दोन हलके होतात. गाडीतही तसंच. मग ती डाव्या वळणात एक वागते आणि उजव्या वळणात दुसरं. वजनकाट्यावर चारही चाकं एकदम तोलण्याची सोय नसेल तर दोन्ही मागच्या रिंगा मोजून सारख्याच फिरवायच्या, हा नियम मोडू नका.

किती फेरे?

रिंग १० मिलिमीटर खाली घेतली म्हणजे गाडी १० मिलिमीटर उतरेल असं वाटतं. तसं होत नाही. स्प्रिंग चाकापाशी नसते, आर्मवर थोडी आत असते, आणि आर्म तरफेसारखा चालतो. समजा आर्मच्या आतल्या खिळीपासून स्प्रिंगपर्यंत २८० मिलिमीटर आहेत आणि चाकाकडच्या सांध्यापर्यंत ४००. गुणोत्तर झालं ०.७. गाडी १५ मिलिमीटर उतरवायची तर रिंग १५ गुणिले ०.७, साडेदहा मिलिमीटर खाली घ्यायची.

आता आटे. एका फेऱ्यात रिंग किती सरकते हे अंदाजाने ठरवू नका, दहा आट्यांचं अंतर मोजून दहाने भागा. बऱ्याचदा ते दीड किंवा दोन मिलिमीटर निघतं. दोन असेल तर आपलं काम सव्वापाच फेऱ्यांचं.

शॉकअप तिरका बसवलेला असल्याने हा हिशेब पहिल्या अंदाजापुरताच धरा. आधी तीन फेरे, मग मोजणी, मग उरलेले.

गाडी उचलणं

हे वाक्य दोनदा वाचा: मागची चाकं हवेत गेली की हँडब्रेक कामाचा राहत नाही, कारण तो बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना धरतो. रिअर-व्हील-ड्राइव्ह गाडीत गिअरमध्ये ठेवण्याचाही उपयोग संपतो. गाडीला जागेवर धरून ठेवणाऱ्या फक्त पुढच्या चाकांच्या पाचरी असतात. दोन्ही पुढच्या चाकांना, पुढून आणि मागून, चांगल्या जाड पाचरी लावा.

चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग कंपनीने नेमून दिलेल्या जागीच जॅक लावून उचला आणि दोन्ही बाजूंना जॅक स्टँड द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. जॅकचं सील कधी सुटेल हे सांगून सुटत नाही. स्टँडवर टेकल्यावर गाडीला कमरेने हलका धक्का देऊन बघा. हलली तर खाली उतरवून पुन्हा मांडा.

दोन्ही मागची चाकं एकाच वेळी लटकू द्या. एकच बाजू उचलली तर अँटी-रोल बार, दोन्ही बाजूंना जोडून गाडीचं कलणं रोखणारी कांब, पिळला जातो आणि तुमच्याविरुद्ध ढकलत राहतो. तरीही अडचण वाटली तर त्याची एका बाजूची लिंक सोडून ठेवा, काम झाल्यावर गाडी जमिनीवर टेकलेली असताना जोडा.

रिंग सोडवणं

शॉकअपचे आटे चाकाच्या अगदी मागे असतात, रस्त्यावरची सगळी घाण तिथेच बसते. थेट पाना लावलात तर आट्यांत अडकलेला वाळूचा एक कण अॅल्युमिनियमच्या रिंगेचे आटे खाऊन टाकायला पुरेसा आहे. आधी पाण्याने धुवा, सुकू द्या, मग पितळी किंवा नायलॉनच्या ब्रशने आट्यांच्या दिशेने, गोल फिरवत घासा. लोखंडी ब्रश नको. रिंग जिथवर जाणार आहे त्या खालच्या आट्यांवर जास्त मेहनत घ्या. गंज सोडवणारं तेल मारून थांबा. घाई नसेल तर रात्रभर.

मग रंगाच्या पेनाने रिंगेवर एक ठिपका आणि त्याच्या समोर शॉकअपवर दुसरा ठिपका. फेरे मोजताना हेच कामाला येतात. डोक्यात मोजलेले फेरे फोन वाजला की विसरतात.

बहुतेक शॉकअपवर दोन रिंगा असतात, एक स्प्रिंगला आधार देणारी आणि दुसरी तिला कुलूप घालणारी. दोन सी-पाने लागतात, रिंगेच्या खाचेत अडकणारे वाकड्या तोंडाचे पाने. एकाने वरची धरायची, दुसऱ्याने खालची सोडायची. सी-पान्याचा आकडा खाचेत पूर्ण बसल्याशिवाय जोर लावू नका. तो निसटला तर खाच मोडते आणि बोटं सोलून निघतात. रिंग हलतच नसेल तर हातोडी मारू नका, पुन्हा तेल आणि पुन्हा वेळ.

ठरलेले फेरे दिले की स्प्रिंग हाताने फिरवून बघा. चाक पूर्ण लटकलेलं असताना ती दोन्ही बैठकांत बसलेली राहायला हवी. वरखाली खुळखुळत असेल तर तुम्ही या शॉकअपच्या मर्यादेबाहेर गेला आहात. एकतर रिंग वर घ्या, नाहीतर त्यासाठी मिळणारी मऊ हेल्पर स्प्रिंग लावा. आणि जाता जाता एक गैरसमज: रिंग फिरवल्याने स्प्रिंग कडक किंवा मऊ होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि वेढ्यांची संख्या ठरवतात.

बुश: जी पायरी सगळे गाळतात

सस्पेन्शन आर्मच्या टोकांना रबरी बुश असतात. बऱ्याच बुशांमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या पोलादी नळीला कायमचं चिकटवलेलं असतं. आर्म वरखाली होतो तेव्हा ते रबर घसरत नाही, पिळलं जातं. कंपनीतून गाडी निघते तेव्हा बोल्ट मूळ उंचीवर आवळलेले असतात, म्हणजे गाडी उभी असताना रबराला पीळ नसतो. तुम्ही गाडी १५-२० मिलिमीटर खाली आणलीत की रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते गाडीला वर ढकलतं, मोजणी फसवतं, आणि काही महिन्यांत कडेने फाटायला लागतं.

म्हणून आर्मच्या या बोल्टांचे नट सैल करायचे, फक्त सैल, काढायचे नाहीत, आणि नव्या उंचीवर पुन्हा आवळायचे. सोपी पद्धत अशी: समजा चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत तुम्हाला ३४५ मिलिमीटर हवेत. चाक काढलेलं असताना हबखाली, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाखाली, दुसरा जॅक लावून हळूहळू वर घ्या, हबचा मध्य आणि मडगार्ड यांच्यात ३४५ आले की थांबा आणि तिथेच टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्याने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. हलक्या गाडीत असं करताना बॉडी स्टँडवरून उचलली जाऊ शकते, त्यावर नजर ठेवा. तसं होत असेल तर सोडून द्या, चाकं लावा, गाडी मजबूत रॅम्पवर घ्या आणि पूर्ण वजन चाकांवर असताना बोल्ट आवळा. पॉलियुरेथेनचे सुटे बुश किंवा गोळीचे सांधे असतील तर ही भानगड नाही, ते मोकळे फिरतात.

याच वेळी ब्रेकची नळी ताणली किंवा घासली जात नाही ना, एबीएसची वायर मोकळी आहे ना, सायलेन्सर आणि आर्म यांच्यात अंतर आहे ना, हे बघून घ्या. काही गाड्यांत मागच्या आर्मवरून बॉडीकडे जाणारी बारीक दांडी असते, ती हेडलाइटच्या उंचीचा सेन्सर हलवते. ती वाकवू नका.

पुन्हा जमिनीवर

गाडी खाली टेकवली आणि लगेच टेप लावला तर आकडा खोटा येतो. लटकलेली चाकं थोडी आत ओढली गेलेली असतात. जमिनीला लागल्यावर टायरची पकड त्यांना बाहेर सरकू देत नाही, आणि गाडी उंच अडकून बसते. माझ्या पहिल्या वेळी मी नेमकं हेच केलं. सव्वापाच ऐवजी पाच फेरे दिले होते, उतरवल्या उतरवल्या मोजलं तर गाडी ४ मिलिमीटरच खाली आलेली. मी पुन्हा उचलून आणखी तीन फेरे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक चक्कर मारून येऊन मोजलं, तर ठरवलेल्या १५ ऐवजी गाडी २३ मिलिमीटर उतरली होती आणि दारासमोरच्या उतारावर सायलेन्सर घासला होता. सगळं काम पहिल्यापासून पुन्हा केलं.

म्हणून चाकाचे नट टॉर्क पान्याने आवळून झाल्यावर गाडी पाच-दहा मीटर पुढे-मागे ढकला, मागची बाजू चार-पाच वेळा दाबून सोडा, आणि मग मोजा. शेवटचा आकडा मात्र ५०-१०० किलोमीटर चालवल्यावरचाच खरा. तेव्हा चाकाचे नट आणि कुलूप-रिंगाही पुन्हा तपासा.

अलाइनमेंट आणि दिवे

मागची उंची बदलली की मागच्या चाकांचे कोन बदलतात. चाकांची वरची बाजू आत झुकते, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर वाढतो, आणि टोही, म्हणजे वरून बघता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोनही, हलतो. टायरची आतली कड झिजली की लोक कॅम्बरला दोष देतात, पण टायर पटापट खातो तो बहुधा टो. त्याहून महत्त्वाचं: मागची चाकं पुढून किंचित आत वळलेली हवीत, त्याला टो-इन म्हणतात. ती बाहेर वळली, टो-आउट झाली, तर ब्रेक दाबताच गाडीची शेपूट वळवळते. मागचा टो तपासल्याशिवाय वेगात जाऊ नका. अलाइनमेंट करायला देताना चारही चाकांची सांगा आणि सीटवर तुमच्या वजनाचा भार ठेवायला लावा.

पुढची बाजू तशीच ठेवून मागची २० मिलिमीटर खाली घेतली तर अडीच मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) गाडीचं नाक जवळपास अर्धा अंश वर जातं. पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे ती ज्या अक्षाभोवती वळतात त्याचा मागे झुकलेला कोन, तेवढाच वाढतो आणि वेगात नाकाखालून जास्त हवा शिरते. हेडलाइटचा झोतही वर उठतो: १० मीटरवर ८ सेंटिमीटर. बऱ्याच गाड्यांत लो बीम तेवढ्या अंतरावर १० ते १३ सेंटिमीटरच खाली झुकवलेला असतो. त्यातला बराचसा झुकाव तुम्ही संपवलात, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत थेट प्रकाश. दिवे त्याच दिवशी, अंधार पडण्याआधी नीट लावून घ्या. सस्पेन्शनमधल्या बदलाची तपासणी किंवा नोंद अनेक देशांत बंधनकारक आहे, ती आणि विम्याचं कळवणं राहू देऊ नका.

पहिली चक्कर

निघण्याआधी शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर प्लॅस्टिकचा बारीक केबल टाय गुंडाळा, सैलही नको आणि घट्टही नको, बोटाने ढकलला तर सरकेल इतपत. जास्तीची शेपटी कापून टाका आणि टाय शॉकअपच्या नळकांड्याला टेकवून ठेवा. गाडी दबेल तेव्हा नळकांडं टायला दांड्यावर पुढे ढकलेल, आणि सर्वात जास्त दबली होती त्या जागी तो राहून जाईल.

ओळखीच्या रस्त्यावर, रिकाम्या वेळी, रोजच्या वेगाने चालवा. एखादा गतिरोधक, एखादं लांब वळण, एक जोराचा ब्रेक. टक्-टक् आवाज येतो का, स्टेअरिंग सरळ असताना गाडी एका बाजूला ओढते का, टायर कुठे घासल्याचा वास येतो का, लक्ष ठेवा. घरी आल्यावर चाकाच्या मागे टॉर्च मारून टाय बघा. टाय आणि बम्प स्टॉप यांच्यात बोटभर अंतर उरलं असेल तर तुमची उंची बरोबर आहे. टाय बम्प स्टॉपला चिकटलेला किंवा त्याच्यात रुतलेला असेल तर जॅक पुन्हा काढा, आणि दोन्ही बाजूंच्या रिंगा एकेक फेरा वर घ्या.